उपवासाला काय चालतं?

बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६, वसई

यंदा उपवासांची गर्दीच झाली आहे. रविवारी महाशिवरात्र झाली, आज आम्हा कॅथलिकांचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची सुरुवात, आणि रमजानही याच आठवड्यात. ऑफिसात डबे उघडले की दुसरा विषय नाही.

"तुमच्यात भात चालतो उपवासाला?" समोर बसणाऱ्या ताईंनी विचारलं.

"सगळं चालतं. फक्त मटण-चिकन नाही, आणि पोटभर जेवण एकदाच."

"मग तो कसला हो उपवास!"

हसलो, पण त्यांचं चुकलं असं काही म्हणवेना. चर्चचा नियम खरंच सौम्य आहे. अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसानं एकदा पोटभर जेवावं, बाकी दोन वेळा मिळून त्याहून कमी खावं. तेही दोनच दिवस, आज आणि गुड फ्रायडेला. याशिवाय चाळीस दिवसांतल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. चाळीस म्हणायचे; आजपासून ५ एप्रिलच्या ईस्टरपर्यंत मोजले तर सेहेचाळीस भरतात, कारण मधले रविवार धरत नाहीत. रविवार कधीच उपवासाचा नसतो.

आणि मांसात मासे येत नाहीत! हा नियम कुठल्या मुलखात घडला देव जाणे, आमच्या किनाऱ्यावर मात्र तो फारच सोयीचा पडतो. वसईच्या माणसाला चिकन सोडून सुरमई खा म्हणणं ही शिक्षा की बक्षीस? लेकीला यंदा चौदा वर्षं पूर्ण झाली, म्हणजे मांसाचा नियम आता तिलाही लागू. तिनं सकाळी चर्चमधून येतानाच विचारून घेतलं, "पप्पा, कोळंबी चालते ना?" चालते. मी तरी काय सांगणार?

आईचं गणित वेगळं. साठी कधीच उलटली, शुगर आहे, तिला उपवासाची सक्ती नाही. फादरांनीही तिला हेच समजावलं. तिनं मान डोलावली आणि घरी येऊन ईस्टरपर्यंत मासळीही बंद करून टाकली. सुक्या बोंबलांचा डबा वरच्या फळीवर गेला. गोळ्या मात्र वेळेवर घेते, खाण्याची वेळही चुकवत नाही, त्यामुळे वाद घालायलाही जागा नाही.

पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गर्दी होती. वेदीवर फूल नाही, फादरांचा झगा जांभळा, गायनात आता ईस्टरपर्यंत हालेलुया नाही. कपाळाला लावायची राख गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी वाटलेल्या झावळ्यांचीच. आमच्या घरच्या अल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यात, क्रुसामागे खोचलेली झावळी लेकीनं मागच्या आठवड्यात चर्चमध्ये नेऊन दिली होती. वाळून इतकी कडक झाली होती की पिशवीत घालताना तुकडे पडले. फादरांनी राखेत बोट बुडवून कपाळावर क्रूस ओढला, "तू माती आहेस आणि मातीला मिळशील." थोडी भुकटी चष्म्यावर पडली. लोकलमध्ये एकानं खूण करून सांगितलं, कपाळाला काहीतरी लागलंय. गंमत अशी की आजच्याच शुभवर्तमानात, म्हणजे मिस्सातल्या बायबलच्या वाचनात, येशू म्हणतो, उपवास करताना तोंड धुवा, लोकांना दाखवू नका. आणि आपण राख मिरवत चर्चगेटपर्यंत! पुसली नाही तरी. विचारणाऱ्याला दोन शब्द सांगता येतात.

पण डोक्यात ताईंचा प्रश्नच होता. 'काय चालतं' याचीच चर्चा आपण फार करतो, त्यांच्या साबुदाण्यापासून आमच्या कोळंबीपर्यंत. परवाच्या शुक्रवारी मिस्सात यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. त्यात देव उपवास करणाऱ्यांनाच झापतो: उपवासाच्या दिवशीही तुम्ही स्वतःचाच स्वार्थ साधता, मजुरांना राबवता, तुझी भाकर भुकेल्याला वाटून दे, हा मला आवडणारा उपवास. हे ऐकल्यावर सुरमई चालते की नाही हा प्रश्नच पोरकट वाटतो. नुसतं कमी खाल्लं आणि वाचलेले पैसे खिशातच राहिले, तर ते डाएट झालं.

म्हणून रात्री जेवताना ठरवलं. मासळी सोडायची नाही, मला ते जमणार नाही आणि उगाच घरात चिडचिड होईल. पण शुक्रवारी बाजारात जायचं नाही, आई करेल ती डाळ-भाजी खायची, आणि मासळीचे पैसे चर्चच्या दानाच्या पाकिटात. लेकीनं लगेच आपल्या फ्रँकीचे पैसेही त्यात धरायचे का म्हणून विचारलं. धर म्हटलं, पण स्वतःच्या हातानं टाक.

आमच्या घरी वाडीत कामाला येणाऱ्या बाईंची मजुरी दोन वर्षांत वाढवलेली नाही, हे आईनं ताटावरच काढलं. यशयाचं नाव तिनं घेतलं नाही. उद्या सकाळी त्या आल्या की बोलायचं आहे, आणि शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रार्थनेला, पोचायचं तर साहेबांकडून लवकर सुटीही मागायची आहे.