सगळा उतारच आहे म्हणे

भाचा सप्टेंबरात ग्रीसला चाललाय. त्याने वेळापत्रक पाठवलं, त्यात पाचव्या दिवसापुढे लिहिलं होतं: ‘समारिया घळ. सोपं. सगळा उतार.’ मी तिथल्या तिथे फोन लावला. कारण 1998 च्या ऑगस्टमध्ये क्रीट बेटावर, हानिया गावातल्या गेस्ट हाउसच्या मालकाने मला अगदी हेच सांगितलं होतं. वर ‘चपला घालून गेलात तरी चालेल’ अशी पुस्तीही जोडली होती. त्या चालीत माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं गेली. एक परत आलं ते आजही वाकडंच आहे.

फोनवर सांगायला बसलो आणि एकेक आठवत गेलं, म्हणून आता सगळंच लिहून काढतो.

मी तेव्हा जर्मनीत शिकत होतो. खोलीत जोडीला कोल्हापूरचा एकजण. दोघांनी पैसे साठवून इंटररेलचा, म्हणजे युरोपात रेल्वेने फिरायचा पास काढला, इटली आणि ग्रीसच्या टापूचा. इटलीतल्या ब्रिंडिसीहून ग्रीसमधल्या पात्रासला जाणारं जहाजही त्यात होतं. शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा या पद्धतीची अंमलबजावणी ग्रीसने 2000 साली सुरू केली, त्यामुळे आम्हाला ग्रीसचा वेगळा व्हिसा काढावा लागला. आता ती कटकट नाही. रोम, फ्लोरेन्स, अथेन्स सुंदर आहेत, तिथे काही बिघडलं नाही, म्हणून लिहिण्यासारखंही काही नाही.

बिघडलं ते ब्रिंडिसीला. या बंदराचं आणि मुंबईचं जुनं नातं. 1870 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून मुंबईला येणारी टपाल रेल्वेने इथवर यायची आणि इथून बोटीत चढायची. 1931 च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजीही इथूनच मुंबईच्या बोटीत बसले. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दुपारी दिसला तो स्टेशनपासून बंदरापर्यंत जाणारा सरळ रस्ता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तिकीट एजंटांची दुकानं. पाठीवर सॅक दिसली की आतून माणूस धावत बाहेर. आम्ही पहिल्याच दुकानात शिरलो. हीच चूक.

आतला माणूस म्हणाला, पासवाल्यांचा कोटा संपलाय, पण खुर्चीचा जादा आकार भरलात तर आजच्या बोटीत बसवतो. शिवाय बंदराचा कर, शिवाय हंगामाचा अधिभार, शिवाय कसलीशी ‘नोंदणी’. प्रत्येकी 38,000 लिरा, म्हणजे आमचं तीन दिवसांचं जेवण. बोटीवर चढल्यावर आमच्यासारखाच पास असलेला एक डच मुलगा भेटला. तो सरळ बंदरातल्या जहाज कंपनीच्या खिडकीवर गेला होता आणि 12,000 भरून मोकळा झाला होता. कोटाबिटा काही नव्हता. आणि ज्या खुर्चीसाठी आम्ही पैसे मोजले ती एसीच्या झोताखाली, इतकी गार की मध्यरात्री आम्ही उठून डेकवरच गेलो. फुकटच्या डेकवर! तर रस्त्यावरच्या दुकानाकडे बघायचंसुद्धा नाही. कंपनीच्या खिडकीवर जा, आता तर घरबसल्या तिकीट काढता येतं. पासवाल्याला कुठले आकार खरंच भरावे लागतात ते आधी वाचून ठेवा. डेकवर झोपणार असाल तर धुराड्याच्या मागच्या बाजूला पथारी टाकू नका. सकाळी माझी स्लीपिंग बॅग भडभुंज्याच्या कढईसारखी दिसत होती.

पात्रास ते अथेन्स तेव्हा मीटरगेज गाडी होती, डुगडुगत समुद्राकाठाने जाणारी. आपल्याकडच्या मीटरगेजची आठवण झाली. पात्रासची ती गाडी आता बंद झाली.

आता मुद्द्याचं. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीच्या जहाजाने निघालं की पहाटे क्रीटच्या सूदा बंदरात उतरता, तिथून हानिया जवळच. हानियाहून पहाटेची पहिलीच बस पकडायची, दुसरी नाही. घळीचं तोंड ओमालोसच्या पठारावर, साधारण 1,230 मीटर उंचीवर. शेवट थेट लिबियन समुद्रात, म्हणजे शून्यावर. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड लागोपाठ दोनदा उतरा, जवळजवळ तेवढं. पण सिंहगडाला मधे विश्रांती मिळते आणि खाली पुण्याची सिटी बस उभी असते. वर पठारावर ऑगस्टातही सकाळी हुडहुडी भरली होती आणि दुपारी तळाशी भट्टी. बदलायला पातळ शर्ट जवळ ठेवा.

सुरुवातीच्या वाटेला झिलोस्कालो म्हणतात, म्हणजे लाकडी जिना. कठडा लाकडी आहे, बाकी दगडधोंडेच. पहिल्या चारेक किलोमीटरमध्येच निम्मी उंची उतरून होते. सगळं नुकसान इथेच होतं आणि तेव्हा ते कळत नाही, कारण सकाळची वेळ असते, पाय ताजे असतात, समोर गिंगिलोसचा कडा उन्हात पिवळा झालेला असतो. आम्ही चक्क पळत उतरलो. माझ्या पायात पुण्याहून आणलेले हंटर शूज. रायगड-राजगड त्याच बुटांवर झाले होते, त्यामुळे गुर्मी होती. पण लेस सैल होती. प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकायचा आणि अंगठा टोकावर ठण्णकन आपटायचा. अशी काही हजार पावलं. सायप्रेसच्या झाडांतलं सेंट निकोलसचं छोटं चॅपेल लागलं तिथे मी मोजा काढून पाहिलं. नखाखाली जांभूळ पिकल्यासारखा रंग.

म्हणून सांगतो, आदल्या रात्री पायाची नखं आखूड कापा. उतरायला लागण्यापूर्वी टाच मागे दाबून बसवा आणि घोट्यापाशी लेस करकचून आवळा. कशीही पावलं टाकत धावू नका. कोल्हापूरकराचा गुडघा याच पट्ट्यात गेला. “ह्येला उतार म्हणत्यात व्हय?” असं तो दर दहा मिनिटांनी विचारत होता.

पाण्याची मात्र काळजी नाही. वाटेत झऱ्यांचे नळ आहेत, लिटरची एक बाटली भरत भरत जायचं. साधारण मध्यावर जुनं समारिया गाव लागतं. 1962 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा ते रिकामं केलं. तिथे सावलीत अर्धा तास बसा, पुढे नदीच्या पात्रातले गोटे आहेत आणि ते संपतच नाहीत. ओढ्यात डुंबायला बंदी आहे, आत मुक्कामालाही. शेवटाकडे ‘दरवाजे’ येतात: कडे तीनशे मीटर उंच आणि मधे जेमतेम तीन-चार मीटरची फट. खरंच थक्क व्हायला होतं. आम्ही तिथे पाच मिनिटं थांबलो, कारण गुडघा.

आणि आता ती जागा, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. तेराव्या किलोमीटरला फाटक लागतं. तिथे सकाळचं तिकीट दाखवावं लागतं, कोणी आत राहिलं नाही ना हे मोजायला. तिकीट टाकू नका. फाटकाबाहेर पडलं की खुर्च्या, छत्र्या, बर्फातल्या बाटल्या. आम्हाला वाटलं, पोचलो. बूट काढले, दोन-दोन संत्र्याची सरबतं प्यायलो, चाळीस मिनिटं ऐसपैस बसलो. मग मी सहज विचारलं, बोट कुठे लागते? सरबतवाल्याने हात लांब करून खाली दाखवलं. अजून तीन किलोमीटर! झाडाची सावली नाही, डोक्यावर ऊन, आणि सुजलेला अंगठा परत बुटात घालायचा. ते तीन किलोमीटर मला आधीच्या तेरांपेक्षा लांब वाटले. आयिआ रूमेलीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटच्या बोटीची पाठ दिसत होती. त्या गावाला गाडीरस्ता नाहीच. एक बोटीने नाहीतर पायी.

एका आजीबाईंनी खोलीचे 8,000 द्राख्मा सांगितले. हानियात आम्ही साडेतीन हजारांत राहत होतो. घासाघीस केली तर त्यांनी शांतपणे दार लावून घेतलं. बरोबरच आहे, जाणार कुठे? आम्ही किनाऱ्यावर झोपलो. वाळू नाही, काळपट गोटे, रात्री दहालाही तव्यासारखे गरम. पाय समुद्रात सोडून बसलो होतो, वर घळीच्या तोंडात अंधार भरत होता. कोल्हापूरकर म्हणाला, भावा, बोट गेली ते बरंच झालं. दिवसाच्या बोटींनी सगळी गर्दी उचलून नेली होती. गाव, समुद्र आणि आम्ही. म्हणून माझं स्पष्ट मत: शेवटच्या बोटीच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावूच नका. आयिआ रूमेलीत मुक्काम धराच. फक्त खोली आधी ठरवून ठेवा, सकाळच्या बोटीने किनाऱ्यावरच्याच स्फाकिया गावाला या, तिथून हानियाची बस. एका दिवसात उरकणारे लोक ही जागा फक्त धक्क्यावरच्या रांगेत उभं राहून बघतात.

गुडघ्यांची खात्री नसेल तर वरून जाऊच नका. स्फाकियाहून बोटीने आयिआ रूमेलीला या, खालून चढत दरवाज्यांपर्यंत जा आणि परत फिरा. लोक याला आळशी वाट म्हणतात. म्हणू देत. जावं मे ते ऑक्टोबरमध्येच, एरवी बंद असतं. पावसाची चिन्हं असली तर हंगामातही फाटक बंद ठेवतात, म्हणून हातात एक दिवस जादा ठेवा. ऑगस्ट टाळा. सप्टेंबर ठीक.

हे सगळं भाच्याला सांगून झालं. “मामा, तू जास्तच मनावर घेतलंस,” म्हणाला. मग मी त्याला मेसेज केला: बूट अर्धा नंबर मोठा घे, आणि अंगठा सांभाळ. त्यावर त्याने नुसता अंगठा पाठवला. हाताचा.