सतरापैकी तेरावी जागा: मस्टँग देऊन एलिस घेतानाचा माझा अनुभव

माझी फोर्ड मस्टँग देऊन तिच्या बदल्यात लोटस एलिस ही दोन आसनांची हलकी स्पोर्ट्स कार घ्यायची, हे ठरायला एक दुपार पुरली आणि ते पूर्ण व्हायला सदतीस दिवस लागले. गाड्या एकमेकांना दाखवणे, तपासून घेणे, चालवून पाहणे आणि फरकाची रक्कम ठरवणे यांत सगळे मिळून सहा दिवसही गेले नसतील. बाकीचा महिना गेला तो कर्ज देणाऱ्या संस्थेच्या एका पत्रातल्या एका चुकीच्या अक्षरापायी. एलिस आता माझ्या दारात उभी आहे, पण त्या पत्राची आठवण झाली की माझा संताप अजूनही उफाळून येतो. अशी अदलाबदल करू पाहणाऱ्या दुसऱ्या कुणावर तीच वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मस्टँगवर माझा राग नव्हता, हे आधी सांगायला हवे. माझी गाडी २०१५ सालची, म्हणजे सहाव्या पिढीतली. मस्टँगच्या प्रत्येक गाडीला मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारे सस्पेन्शन याच पिढीपासून मिळू लागले. पाच लिटरचे व्ही-एट इंजिन, सुमारे ४३५ अश्वशक्ती आणि सरळ रस्त्यावर पाठीला बसणारा तो भरदार रेटा यांवर मी मनापासून प्रेम केले. परंतु गाडीचे वजन १,६८० किलोच्या आसपास होते आणि वळणावळणांच्या रस्त्यावर ते दर ब्रेकला जाणवत असे. मला वळणे आवडतात, सरळ रस्ता नव्हे, हे स्वतःशी कबूल करायला मला तीन वर्षे लागली.

एलिस हे त्याचे अगदी दुसरे टोक आहे. ही गाडी १९९६ साली बाजारात आली आणि २०२१पर्यंत बनत राहिली. लोटसचे तेव्हाचे प्रमुख रोमानो आर्तिओली यांच्या नातीचे नाव एलिसा, त्यावरून गाडीचे नाव पडले. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून केलेला असतो आणि पहिल्या एलिसचा नुसता सांगाडा अवघा ६८ किलोंचा होता. मी घेतलेली गाडी दुसऱ्या पिढीतली १११आर आहे. तिच्यात टोयोटाचे १.८ लिटरचे इंजिन आसनांच्या मागे बसवलेले असून ताकद १९२ अश्वशक्ती आणि वजन सुमारे ८६० किलो आहे. टनामागे हिशेब केला, तर मस्टँगची ताकद २५९ आणि एलिसची २२३ भरते, म्हणजे इंजिन निम्म्याहून लहान असूनही दोघींत फारसे अंतर राहत नाही. शिवाय एलिसच्या स्टिअरिंगला पॉवरची मदत नसल्यामुळे पुढची चाके कशावरून जात आहेत ते थेट तळहातांना कळते.

एलिसच्या मालकांना मूल झाले होते आणि दोनच आसनांची गाडी आता त्यांच्या उपयोगाची राहिली नव्हती. मस्टँगची मागची आसने लहान असली, तरी ती आहेत, एवढे त्यांना पुरेसे होते. दोन्ही गाड्यांच्या किमती जवळपास सारख्या निघाल्या, किरकोळ फरक मी द्यायचा ठरला आणि आम्ही दोघांनी एका साध्या करारावर सह्या केल्या.

एलिस तपासताना मी एकाच गोष्टीचा हट्ट धरला आणि तो सार्थ ठरला. गाडीच्या पोटाखालचे पत्रे काढून सांगाडा उघडा पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे मी मालकांना पहिल्याच फोनवर सांगितले होते. चिकटवून केलेला सांगाडा अपघातात वाकला, तर तो पोलादी सांगाड्यासारखा ओढून सरळ करता येत नाही, बहुतेक वेळा बदलावाच लागतो. मेकॅनिकने जोडांवरून बोटे फिरवली, पुढच्या रेडिएटरच्या पाकळ्या पाहिल्या, मागच्या चाकांच्या टो-लिंक, म्हणजे चाकांची दिशा धरून ठेवणाऱ्या दांड्या, हलवून पाहिल्या आणि गाडी निर्दोष असल्याचे सांगितले. एलिसचा पुढचा सगळा भाग फायबरचा आणि सलग एकाच तुकड्याचा असतो, त्यामुळे त्यावरचा बारीक तडाही महागात पडतो. तोही आम्ही उन्हात उभे राहून इंच न् इंच पाहिला. चालवून पाहिल्यावर माझ्या मनात काही शंका उरली नाही.

आता त्या पत्राकडे वळते. मस्टँग मी कर्जावर घेतली होती. कर्ज फिटून वर्ष उलटले होते, परंतु नोंदणीच्या कागदावरचा बोजा, म्हणजे गाडीवर कर्ज असल्याची नोंद, उतरवून घ्यायचा राहिला होता. हा आळस माझा होता आणि तो कुणीही करू नये. कर्जाचा शेवटचा हप्ता ज्या आठवड्यात जातो, त्याच आठवड्यात बोजा उतरवण्याचा अर्ज करावा, कारण गाडी विकण्याच्या वेळी समोरचा माणूस ताटकळत उभा असतो आणि प्रत्येक दिवस जड जातो. मी अर्ज केला आणि थकबाकी नसल्याचे पत्र चौथ्याच दिवशी हातात पडले. आपले काम झाले, अशा समजुतीने मी ते नोंदणी कार्यालयात दिले. आठवड्याने ते नामंजूर होऊन परत आले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तोंडी एवढेच सांगितले, की पत्रातला चासी नंबर आमच्या नोंदीशी जुळत नाही.

घरी येऊन मी दोन्ही कागद दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवले आणि पट्टी सरकवत एकेक अक्षर ताडून पाहिले. पहिल्या बारा जागा बिनचूक होत्या. तेराव्या जागी नोंदणीच्या कागदावर शून्य होते आणि पत्रात इंग्रजी ओ. त्या छपाईत दोन्ही इतके सारखे दिसत होते, की मी आधी दोनदा वाचूनही ते माझ्या नजरेतून निसटले होते. शून्य थोडे निमुळते होते आणि ओ थोडा गोल, एवढाच काय तो फरक. खात्री करून घेण्यासाठी मी टॉर्च घेऊन खाली गेले आणि पुढच्या काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यातली पट्टी वाचली. तिथे शून्यच होते.

एवढी उघड चूक दोन दिवसांत दुरुस्त होईल, असे मला वाटले होते. संस्थेच्या मदत केंद्रातून उत्तर मिळाले, की आमच्या संगणकात हाच क्रमांक आहे, त्यामुळे पत्र बरोबर आहे. क्रमांक बदलायचा असेल, तर नोंदणी कार्यालयाचा प्रमाणित उतारा आणा. मी नोंदणी कार्यालयात गेले. तिथे सांगण्यात आले, की बोजा उतरवण्याचा अर्ज या गाडीवर प्रलंबित दिसत असल्यामुळे तो निकाली निघेपर्यंत उतारा देता येणार नाही. अर्ज निकाली निघायला दुरुस्त पत्र हवे, दुरुस्त पत्राला उतारा हवा आणि उताऱ्याला अर्ज निकाली निघायला हवा. या चक्रात मी अठरा दिवस हेलपाटे घातले. दर फोनला नवा माणूस यायचा, दर माणसाला मी पहिल्यापासून सगळे सांगायचे आणि दर वेळी तक्रारीचा एक नवा क्रमांक माझ्या वहीत वाढायचा. एकदा तर मला असेही सुचवण्यात आले, की नोंदणी कार्यालयातच क्रमांक बदलून घ्या. गाडीवर कोरलेला क्रमांक एका टंकलेखनाच्या चुकीपायी बदलून घ्यायचा, हे ऐकून माझ्या तोंडून शब्द फुटेना.

याच काळात एलिसच्या मालकांकडे रोख पैसे घेऊन दुसरा ग्राहक आला. त्यांनी ते मला स्वतःहून कळवले. मी म्हणाले, “तुम्ही थांबलाच पाहिजे असं मी म्हणू शकत नाही, कारण अडचण माझ्या बाजूची आहे.” त्यावर ते म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत मी शब्दाला बांधलेला आहे, तुम्ही फक्त रोज एक निरोप पाठवत जा.” त्यांचा हा चांगुलपणा मी विसरणार नाही. त्या दिवसापासून मी फोन करणे बंद केले आणि सगळे लेखी मागायला सुरुवात केली. माझ्या मते सगळा फरक तिथूनच पडला.

पहिले काम म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून नामंजुरीचे कारण लेखी घेतले. ते त्यांनी त्याच दिवशी दिले, कारण ते मागण्याचा अर्जदाराला हक्क असतो. मी पहिल्याच दिवशी ते मागायला हवे होते. त्या कागदावर त्यांच्या नोंदीतला पूर्ण चासी नंबर शिक्क्यासह छापलेला होता. ज्या उताऱ्यासाठी मी अठरा दिवस घालवले, त्याचे काम या एका कागदाने भागले.

दुसरे काम रात्री जेवणाच्या टेबलावर झाले. चासी नंबर सतरा जागांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे मुळात वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. म्हणजे पत्रातला क्रमांक जगातल्या कोणत्याही गाडीचा असू शकत नव्हता. याहून भक्कम पुरावाही त्या क्रमांकातच दडलेला असतो. माझी मस्टँग अमेरिकेत बनलेली आहे आणि तिथल्या गाड्यांच्या क्रमांकात नववी जागा पडताळणीची असते. प्रत्येक अक्षराला ठरावीक अंक देतात, प्रत्येक जागेला ठरावीक वजन असते, जसे पहिल्या जागेला ८, दुसरीला ७ आणि तेरावीला ६. गुणाकारांची बेरीज करून तिला ११ने भागायचे आणि उरणारी बाकी नवव्या जागी यायला हवी. बाकी १० उरली, तर तिथे एक्स लिहितात. मी हा हिशेब कागदावर मांडला. तेराव्या जागी ओ ठेवला, तर हिशेब पुढे जातच नव्हता, कारण त्या अक्षराला अंकच नेमून दिलेला नाही. शून्य धरल्याबरोबर बाकी नवव्या जागेवरच्या अंकाशी तंतोतंत जुळली. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो गाडी मिळाल्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे मी दीड पानाचे पत्र लिहिले. सोबत नामंजुरीचा कागद, डॅशबोर्डवरच्या पट्टीचे छायाचित्र आणि तो हिशेब जोडला. मजकुरात राग कुठेही येऊ दिला नाही, फक्त तारखा आणि तक्रारींचे क्रमांक ओळीने दिले. तिसऱ्या दिवशी अभिलेख विभागातून एका बाईंचा फोन आला. त्यांनी मूळ करार काढून पाहिला होता आणि त्यावर हाताने लिहिलेला शून्य संगणकात भरताना ओ झाला होता. “इतके दिवस कुणी मूळ कागद पाहिलाच नाही, त्याबद्दल मला वाईट वाटतं,” असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त पत्र आले. या वेळी ते हातात घेतल्या घेतल्या मी सतराही जागा मोठ्याने वाचल्या. महिनाअखेरीला तीन दिवस उरलेले असताना बोजा उतरला आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे सगळे दोन दिवसांत आटोपले. मध्येच आठवले म्हणून सांगते: नोंदणी समोरच्याच्या नावावर झाल्याचा कागद हातात येईपर्यंत आपल्या जुन्या गाडीचा विमा बंद करू नये. आमच्या अदलाबदलीत चार दिवस मी दोन्ही गाड्यांचा विमा भरत होते आणि त्याचे मला मुळीच दुःख नाही. एलिसच्या कागदांवरचा चासी नंबरही मी करारावर सही करण्याआधीच गाडीशी ताडून घेतला होता. मात्र आपल्याच गाडीच्या कागदांबाबत मी ती काळजी घेतली नव्हती.

किल्ल्या बदलण्याच्या सकाळी मस्टँग शेवटची सुरू केली, तेव्हा तो आवाज ऐकून माझा गळा दाटून आला, हे लपवण्यात अर्थ नाही. नवे मालक मागच्या आसनावर मुलाची खुर्ची बसवत होते आणि ती तिथे नेमकी मावत होती. मी एलिसचा रुंद उंबरठा ओलांडून आत सरकले. आत बसले, की रस्ता हाताच्या अंतरावर येतो. परतीच्या वाटेवर पहिल्या मोठ्या वळणाला मी सवयीने लवकर ब्रेक दाबला आणि गाडी गरजेहून कितीतरी आधी मंदावली. दुसऱ्या वळणाला थोडा उशिरा दाबला, तिसऱ्याला आणखी उशिरा. घरी पोहोचेपर्यंत माझ्या पायाला नव्या वजनाचा अंदाज येऊ लागला होता.