जुनी सायकल खोलली, छर्रे मोजले

शेजारच्या काकांनी अडगळ काढताना एक जुनी सायकल बाहेर ठेवली होती, टायर चिरलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ, आणि मी "काका, टाकणार असाल तर मला द्या ना" म्हणून उचलून आणली. तोवर पंक्चर काढणं सोडून सायकलचं काहीच कधी केलेलं नव्हतं. चार महिने लागले. सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवतोय, कारण मी सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केली होती आणि नवीन कोणी हे काम काढणार असेल तर त्याची सायकल तरी वाचावी.

मी आधी रंगाला हात घातला. धूळ पुसल्यावर खाली काळा रंग आणि त्यावर केसाएवढ्या बारीक सोनेरी रेघा निघाल्या, मला राहवलंच नाही, रबिंग कंपाउंड घेतलं आणि घासायला बसलो. दोन मिनिटांत वीतभर रेघ फडक्यावर उतरली. ती आता परत येणार नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. जुना रंग नुसता साबणाच्या पाण्याने पुसा, पॉलिश लावायचंच असेल तर आधी सीटखाली कुठेतरी लपलेल्या जागी लावून बघा. क्रोमचं तसं नाही, त्याच्यावरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की भराभर निघतो, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत.

पण खरी सायकल रंगात नसतेच, ती छर्र्यांमध्ये असते, म्हणजे फिरणाऱ्या भागांच्या आतल्या बारीक पोलादी गोळ्यांमध्ये. हे मला कळलं मागचं हब, म्हणजे मागच्या चाकाच्या मधला डबा, पुसताना. काळ्या चिकट थराखाली आधी स्टर्मी आर्चर हे कंपनीचं नाव दिसलं, मग एडब्ल्यू हे मॉडेल, आणि शेजारी ठोकलेले आकडे, 66 आणि 4. म्हणजे 1966 सालचा एप्रिल! हे तीन गिअरचं हब, सगळे गिअर पोटात, दुसरा गिअर सरळ, पहिला त्याच्यापेक्षा 25 टक्के हलका आणि तिसरा 33 टक्के जड. तेलाच्या भोकातून थोडं पातळ तेल सोडलं, चाक आडवं करून रात्रभर ठेवलं, सकाळी फिरवलं तर आतून टिकटिक ऐकू आली. इतक्या वर्षांनी! त्या हबला मी पाना लावलाच नाही, जे चालतंय ते उघडायचं नाही असं ठरवलं.

पायडलचा एक्सल, म्हणजे फ्रेमच्या आतून जाणारा मधला दांडा, मात्र करकरत होता, तो खोलावाच लागला आणि तिथे कॉटर पिना आडव्या आल्या. ही पिन क्रँकमधून, म्हणजे पायडल ज्याला लागतं त्या दांड्यातून, आरपार पाचरीसारखी बसलेली असते. मी नट काढून सरळ हातोडा मारला, पिनेचं टोक फुलून आलं, आटे गेले, आणि पिन जागची हलली नाही. दुसऱ्या बाजूला मग शहाणपणाने घेतलं, दोन दिवस गंजाचं तेल सोडत राहिलो, नट टोकाच्या बरोबरीत ठेवला म्हणजे आटे वाचतात, आणि मुख्य म्हणजे क्रँकखाली जमिनीपर्यंत लोखंडी पाइपचा टेकू दिला, पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत. टेकू नसेल तर सगळा मार छर्र्यांवर आणि ते ज्यात बसतात त्या कपांवर जातो. एकच जोरदार ठोका, आणि पिन टण्णकन पाइपात. पहिली पिन शेवटी ड्रिलने काढावी लागली. नवीन पिना घेताना जाडी मोजून घ्या, 9 आणि 9.5 मिलिमीटर अशा दोन्ही मिळतात, डोळ्याला फरक कळत नाही.

आणखी एक, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. माझ्या सायकलीत उजव्या बाजूच्या कपाचेही उलटे होते. जोर लावायच्या आधी पाना कुठल्या बाजूला फिरवतोय ते दोनदा बघा.

आत ग्रीसचं डांबर झालेलं. रॉकेलने धुतल्यावर कप चकचकीत निघाले, एक्सलवर छर्रे फिरतात तिथे नुसता राखाडी पट्टा, खड्डा एकही नाही. छर्रे मात्र नवेच घातले, पाव इंची, एका बाजूला 11 आणि दुसऱ्या बाजूला 11. कपात ग्रीस भरायचं आणि चिमट्याने एकेक छर्रा त्यात रोवायचा, अकरावा बसल्यावरही थोडी फट राहते, ती तशीच राहू द्यायची, बारावा कोंबायचा नाही. मग कप इतकाच आवळायचा की एक्सल हलला नाही पाहिजे आणि अडकलाही नाही पाहिजे. ह्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, कारण लॉकरिंग (कप जागेवर धरून ठेवणारी कडी) आवळली की कप जरासा फिरतोच आणि परत सगळं पहिल्यापासून. त्या संध्याकाळी मी जेवढं शिकलो तेवढं बाकीच्या चार महिन्यांत नाही.

टायरचं थोडक्यात सांगतो. 26 इंची म्हणून आणलेला टायर रिमवर चढेचना. 26 इंच नावाची बरीच मापं आहेत, माझी रिम 590 मिलिमीटरची आणि आणलेला टायर 559 चा. जुन्या टायरवर 26 गुणिले 1 3/8 लिहिलं होतं ते मी नीट वाचलंच नव्हतं.

गिअरची केबल शेवटी लावली. दुसऱ्या गिअरला ठेवायचं, उजव्या बाजूच्या लांब नटाला भोक असतं त्यातून बघायचं, आतल्या साखळीची कांडी एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत आली पाहिजे. हे नीट नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पायडल अचानक मोकळं फिरतं, उभं राहून मारत असाल तर सरळ तोंडावर आपटाल.

काल पहिली फेरी मारली. पहिल्या गिअरला गप्प, दुसऱ्याला टिकटिक, तिसऱ्यालाही टिकटिक, पायडलखाली काही म्हणजे काही आवाज नाही. रिमा लोखंडी आहेत, ओल्या झाल्या की ब्रेक जवळजवळ लागत नाही, म्हणून पावसात काढणार नाही. घरी येऊन कॉटर पिनांचे नट तपासले, नव्या पिना पहिल्या फेरीत बसतात म्हणून. दोन्ही पाव पाव फेरा आवळले गेले.