स्टेशनपासून चालत दहा मिनिटं

कॉन्फरन्सला जायचं ठरलं की लोक आधी प्रोग्राम उघडतात, आपलं सेशन जेवणानंतरच्या पेंगायच्या वेळेला तर नाही ना टाकलंय ते बघतात. मी आधी बाहेरगावच्या डेलिगेट्ससाठीची माहिती उघडते. विमानतळ, हॉटेल, विसा, हवामान, प्लग, इमर्जन्सी नंबर, सगळं. मला हे वाचायला खरंच आवडतं, जिथे जायचं नाहीये तिथलंसुद्धा मी वाचत बसते, आणि वाचून वाचून माझं असं मत झालंय की ही माहिती पाहुण्यांसाठी लिहिलेलीच नसते. आयोजकांची झोप कशाकशाने उडालीये त्याची ती यादी असते, फक्त वर 'आपले हार्दिक स्वागत' चिकटवलेलं असतं.

हॉटेलचंच घ्या. 'अधिकृत हॉटेल्स' हा मथळा सगळ्यात वर, खाली 'खोल्या मर्यादित, लवकर बुक करा' आणि तेही ठळक अक्षरात. आपल्याला वाटतं, बघा किती काळजी आमची. तर त्याचं असं असतं की आयोजकांनी बरेच महिने आधी त्या हॉटेलात खोल्यांचा ब्लॉक धरून ठेवलेला असतो, आणि अशा करारात बहुतेक वेळा ॲट्रिशन नावाचं एक कलम असतं, म्हणजे कबूल केलेल्या खोल्यांपैकी ठरलेले टक्के भरल्या नाहीत तर फरक आयोजकांनी भरायचा. आणि इकडे डेलिगेट काय करतो, तर तेच हॉटेल फोनवर दुसरीकडे शोधतो, चार पैसे कमी दिसले की तिथून बुक करतो आणि वर मित्रांनाही लिंक पाठवतो. ती खोली मग ब्लॉकमध्ये धरली जाईलच असं नाही. त्यामुळे तिसऱ्या रिमाइंडर मेलपर्यंत 'लवकर बुक करा' चा सूर जरा रडवेला झालेला असतो, नीट वाचलं तर कळतं.

विसाच्या भागात हाच सूर एकदम वकिली होतो. आमंत्रणाचं पत्र आम्ही देऊ, पण ते म्हणजे विसाची हमी नाही, खर्चाची जबाबदारी आमची नाही, आणि बऱ्याच ठिकाणी रजिस्ट्रेशनची फी भरल्याशिवाय पत्र मिळणार नाही. आता फी भरावी तर विसा मिळेल की नाही माहीत नाही, आणि विसा मागावा तर पत्र पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन विसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, सोबत किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, हे आकडे आणि 'नाव पासपोर्टवर आहे तस्संच फॉर्मवर लिहा' एवढं मोठ्या अक्षरात छापलं तरी निम्मे लोक सुखी होतील. पण ते कुठेतरी सातव्या परिच्छेदात सापडतं. पेपर स्वीकारल्याचा मेल कधी येणार आणि विसाच्या अर्जाला किती दिवस लागतात, या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून कोणी बघितल्यात असं तर मला फारच क्वचित दिसलंय.

मग येते शहराची ओळख. ती मी सोडून देते, कारण ती सगळ्या शहरांची एकच असते. इतिहास आणि आधुनिकता यांचा संगम, चैतन्यमय, नदी असेल तर नदी, नसेल तर टेकडी. हा मजकूर आयोजक लिहीत नाहीत, शहराच्या कन्व्हेन्शन ब्युरोकडून, म्हणजे गावात अधिवेशनं आणायचं काम करणाऱ्या संस्थेकडून, तयार येतो. हा प्रकार जुना आहे हं. १८९६ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका पत्रकाराने सुचवलं की आपल्या गावात लोक अधिवेशनांना येतातच, तर ती गावाकडे ओढून आणायला एक पूर्णवेळ माणूसच नेमावा, आणि व्यापाऱ्यांनी खरोखर मनावर घेऊन तशी संस्था काढली. १९१४ पर्यंत अशा ब्युरोंची आंतरराष्ट्रीय संघटनासुद्धा झाली होती. त्यांचं काम गाव विकायचं, ते ते चोख करतात, माझी काही तक्रार नाही. फक्त ज्याचं तिकीट काढून झालंय त्याला परत गाव कशाला विकायचं? त्याला रात्री साडेदहाला पोचल्यावर कुठे वळायचं ते सांगा ना.

आणि तिथेच ते वाक्य येतं, 'व्हेन्यू स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे'. असेल. ज्याने लिहिलं तो रोज तिथून जातो, रिकाम्या हाताने, उजेडात, डोळे मिटून. पाहुण्याच्या एका हातात ट्रॉली बॅग, पाठीला लॅपटॉप, आणि त्यात संशोधन मांडायचं पोस्टर असेल तर ते गुंडाळून नळकांड्यात घातलेलं, ए झिरो साइज म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, त्याची गुंडाळी कशीही केली तरी जवळजवळ मीटरभर लांब असते, ती जिन्यात मागच्या माणसाला लागते, फिरत्या दारात अडकते. मोठ्या भूमिगत स्टेशनला बाहेर पडायचे आठ-दहा रस्ते असतात, त्यातल्या चुकीच्या रस्त्याने वर आलं की समोर सहा पदरी रस्ता, पलीकडे व्हेन्यू दिसतोय, मध्ये रेलिंग, आणि फोनवरचा निळा ठिपका गोल गोल फिरतोय. परत खाली उतरा. वर जाणारा सरकता जिना असतो, खाली यायला पायऱ्या. बरं, व्हेन्यू म्हणजे तरी काय, कन्व्हेन्शन सेंटर ही लांबच लांब इमारत, दहा मिनिटं मोजली ती तिच्या जवळच्या कोपऱ्यापर्यंत, आणि रजिस्ट्रेशन असतं नेमकं दुसऱ्या टोकाला. 'अमुक नंबरच्या एक्झिटने या, तिथे लिफ्ट आहे, गेट सी मधून आत शिरा', एवढी एक ओळ असली तर मी त्या आयोजकांना बाकी सगळं माफ करायला तयार आहे.

विमानतळाचंही असंच. शहराचं नाव लावलंय म्हणजे विमानतळ त्या शहरातच असेल असं काही नाही. टोकियोचा हानेदा शहरातच आहे आणि नारिता साधारण ६० किलोमीटर लांब, पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे तर ८० किलोमीटरच्या आसपास. स्वस्त तिकीट घेणाऱ्याला हे उतरल्यावर समजतं. बसचं वेळापत्रक असतं, 'दर पंधरा मिनिटांनी', पण ते सोमवार ते शुक्रवारचं. कॉन्फरन्स सोमवारी सकाळी सुरू होणार म्हणजे सगळं गाव रविवारी संध्याकाळी येणार, आणि नेमकं रविवारचं टाइमटेबल कुणीच देत नाही! शटल असेल तर तीही सोमवारपासून.

हवामानाच्या ओळीचा मला विशेष राग आहे. 'या महिन्यात सरासरी तापमान १४ अंश'. ही सरासरी बहुतेक ३० वर्षांची असते, हल्ली १९९१ ते २०२० ची धरतात, म्हणजे त्यात कडाक्याची थंडी पडलेली वर्षंही आली आणि घामाच्या धारांचीही, आणि आपण जाणार त्या आठवड्यात काय होईल ते त्यावरून कळत नाहीच. त्यातून डेलिगेट बाहेर असतो किती वेळ? दिवसभर हॉलमध्ये बसलेला, आणि बाहेर काहीही असो, हॉलमधला एसी असा सोडलेला असतो की दुपारच्या सेशनला अर्धे लोक कॉन्फरन्सच्या पिशवीने गुडघे झाकून बसलेले. ते तापमान लिहा की.

प्लगबद्दल मात्र उलटं, तिथे गरजेपेक्षा जास्त घाबरवतात. इतके व्होल्ट, तितके हर्ट्झ, जपानात १००, अमेरिकेत १२०, युरोपात २३०. आपल्या चार्जरची मागची बारीक अक्षरं वाचा, फोन-लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं, म्हणजे त्याला सगळं चालतं, फक्त पिना जुळवणारा ॲडॅप्टर हवा. भानगड होते ती एकाच व्होल्टेजच्या हेअर ड्रायरची. त्यापेक्षा हॉलमध्ये खुर्च्यांजवळ सॉकेट आहेत का ते सांगितलं तर बरं, कारण चहाच्या सुट्टीत भिंतीपाशी जी झुंबड उडते ती चहासाठी नसते.

सगळ्यात शेवटी, बारीक टायपात, 'इतर उपयुक्त माहिती'. इथे इमर्जन्सी नंबर. युरोपियन युनियनमध्ये ११२, १९९१ मध्ये ठरलेला, सगळ्या सदस्य देशांत एकच आणि फुकट. खरं तर हा गळ्यातल्या बॅजच्या मागे छापायला पाहिजे, आणि काही शहाणे आयोजक छापतातही, पण बऱ्याचदा त्या जागी प्रायोजकाचा लोगो असतो.

शहराची ओळख सोडली तर बाकीचा मजकूर बहुतेक मागच्या वर्षीच्या आयोजकांकडून जसाच्या तसा उचललेला असतो, शहराचं नाव बदलून. कधीकधी एखाद्या ठिकाणी बदलायचं राहून जातं आणि डोंगरातल्या गावात समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जायचा सल्ला मिळतो. यावर उपाय मला एकच सापडलाय, खाली दिलेल्या पत्त्यावर सरळ मेल टाकायचा, की मी रविवारी संध्याकाळी अमुक वाजता पोचतेय, हातात सामान आहे, कसं येऊ. उत्तर बहुधा तिथला कुणी पीएचडीचा विद्यार्थी देतो, दोन ओळीत, कॅपिटल-फुलस्टॉप काही नाही: पुढच्या एक्झिटने येऊ नका तिथलं काम चालूय, मागच्या बाजूने या, आणि रजिस्ट्रेशन सोमवारी करू नका, रविवारी सातपर्यंत काउंटर उघडाय, रांग नसते.