ओळ संपली की येते : दोन लहान मुलं आणि स्वेटरचं डिझाइन

लहान मुलांच्या स्वेटरचा एक नमुना तयार करायचा, तो नीट लिहून काढायचा आणि विकायला ठेवायचा, एवढं मी ठरवलं तेव्हा मोठा चार वर्षांचा होता आणि धाकटी रांगायला लागली होती. विणकाम मला शाळेत असल्यापासून येतं. नात्यातल्या बाळांसाठी टोपडी, मोजे, स्वेटर पुष्कळ विणले होते. पण आपल्या डोक्यातली वीण दुसऱ्या कुणाला नुसत्या कागदावरून विणता यावी असं लिहिणं हे बरंच मोठं काम निघालं. घरात लहान मुलं असताना ते कसं पार पडलं हे जरा सविस्तर लिहिते, कारण मी सुरुवात केली तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर मला फार आधार वाटला असता.

नमुना परदेशातही विकायचा होता, आणि थंड देशांतले विणणारे साधारण सप्टेंबरपासून नवे नमुने शोधायला लागतात. त्याआधी नमुना तपासून तयार हवा, म्हणजे विणायला घ्यायचा तो पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये. त्या उकाड्यात घामेजल्या हातांना लोकर चिकटते, सुईवर सरकत नाही. म्हणून मी सुती दोरा घेतला. आपल्याकडच्या बाळांना तो सोसतोही. पण सुताला लोकरीसारखा लवचीकपणा नसतो, स्वतःच्या वजनाने ते लांबतं. त्यामुळे आधी हातभर मोठा तुकडा विणला, धुतला, खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून दोरीवर लटकवून वाळवला आणि मगच मोजला. ४ मिमीच्या सुयांवर १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी आल्या. पुढचं सगळं गणित या दोन आकड्यांवर उभं राहतं.

मापांसाठी अमेरिकेच्या क्राफ्ट यार्न कौन्सिल या लोकर-दोऱ्याच्या उद्योगसंस्थेचे तक्ते वापरले. एक वर्षाच्या बाळाची छाती १८ इंच, म्हणजे ४५.५ सेंटीमीटर. त्यात ५ सेंटीमीटर सैलपणा धरला की घेर होतो ५०.५ आणि टाके येतात १११. माझी पानांच्या नक्षीची वीण दर ८ टाक्यांनी पुन्हा येते, म्हणून ११२ घेतले. छान बसले. दोन वर्षांच्या मापाला १२८, तेही बसले. चार वर्षांच्या मापाला मात्र १४० आले आणि १४० ला ८ने भाग जात नाही. १३६ घ्यावेत तर घेर पावणेदोन सेंटीमीटरने कमी, १४४ घ्यावेत तर दोन सेंटीमीटरने जास्त. शेवटी १३६ वर पानं ठेवली आणि दोन्ही कुशींना दोन-दोन साधे सुलट टाके घातले. मग त्या चार टाक्यांमुळे मुंढ्याचं गणित बदललं, मुंढ्यामुळे खांद्याचं, खांद्यामुळे गळ्याचं. प्रत्येक मापाचा असा सगळा जिना उतरावा लागतो, आणि मध्येच कुणी ‘आई, शू’ म्हणालं की पुन्हा पहिल्या पायरीवर.

याच टप्प्यावर मला आमच्या घराला जमेल अशी रीत सापडली. तोवर मी दिवसाचे तास मोजून काम बसवायला बघत होते. इतके तास मुलांचे, इतके घराचे, इतके विणकामाचे. ते कधीच जमलं नाही. मग मी कामाचे तुकडे वेगळ्या तऱ्हेने केले: कोणत्या कामाला माझं किती लक्ष लागतं, त्यावरून. साधी सुलट वीण किंवा खालची पट्टी विणताना डोळेसुद्धा लागत नाहीत. ती सोसायटीच्या बागेत, शाळेच्या बसची वाट बघताना, गोष्ट सांगता सांगता होते. पानांची वीण तक्त्यात बघून विणावी लागते, तिला धाकटीची दुपारची झोप पुरते. एक कान तिच्याकडे असला तरी चालतो. आणि मापांची आकडेमोड, नमुन्यातली वाक्यं लिहिणं, यांना संपूर्ण शांतता लागते. घरात कुणी जागं नसताना किंवा घरात कुणी नसतानाच ते करायचं.

यामुळे एक फार चांगलं झालं. दुपारी झोपेतून धाकटी अर्ध्या तासातच उठली तरी माझा जीव चडफडत नाही, कारण त्या वेळेला मी असं काही घेतलेलंच नसतं की जे तुटल्याने वाया जाईल. पहाटे पाच ते साडेसहा आकडे. दूधवाला आणि डबे सुरू झाले की वही बंद. रात्री साडेदहानंतर आकड्यांना हात लावायचा नाही, रात्र फक्त विणायला. आणि रविवारी सकाळी पोहे खाऊन नवरा दोघांना घेऊन सारसबागेत किंवा पेशवे पार्कात जातो आणि जेवायलाच परत येतो. ते तास मी कधी केस धुण्यात किंवा कपाटं आवरण्यात घालवत नाही. हे मी त्याच्याशी बसून, स्पष्ट बोलून ठरवून घेतलं होतं. ‘तुला जमेल तसं ने’ असं म्हटलं असतं तर ते कधीच नियमित झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

मुलांशी ठरवलेली गोष्ट एकच : ‘ओळ संपली की येते.’ पाठ-पोटाच्या ११२ टाक्यांची एक फेरी मला तीन-चार मिनिटांची. रडणं, पडणं, भूक, शू यांना हा नियम लागू नाही, तिथे सुया जिथे असतील तिथे खाली. पण ‘हे बघ मी काय काढलं’ याला ओळ संपेपर्यंत थांबायचं. चार वर्षांच्या मुलाला ‘पाच मिनिटं’ म्हणजे काय ते कळत नाही. ओळ मात्र त्याला डोळ्यांनी दिसते, डाव्या सुईवरचे टाके कमी होत जाताना दिसतात. काही आठवड्यांतच तो येऊन आधी सुई बघायचा आणि म्हणायचा, ‘थोडेच राहिलेत, थांबतो.’ माझ्या बाजूने मी एवढंच पाळलं की ओळ संपल्यावर खरंच उठायचं. अजून एक ओळ, अजून एक ओळ करायचं नाही.

रांगणाऱ्या बाळाच्या घरात सुया म्हणजे काळजी असतेच. लांब सरळ सुया मी माळ्यावर टाकल्या आणि सगळं गोल सुईवर घेतलं. टोकांना रबराची टोपणं, आणि पिशवी खुंटीवर, बाळाच्या हाताला न लागेल अशी. खुणेसाठी प्लॅस्टिकच्या कड्या मिळतात, त्या बाळाच्या तोंडात जाण्याइतक्या लहान असतात, म्हणून त्यांच्याऐवजी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे फासे वापरले. तसाच एक रंगीत दोरा प्रत्येक पान पूर्ण झालं की सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवायचा. कुणी सुई ओढून काढली तरी वीण त्या दोऱ्यापर्यंतच उसवते. लहान मुलं असलेल्या प्रत्येकीने हे करावं असं मी सांगेन.

घरातलं बाळ हे मापासाठीही हाताशी होतं. पहिल्या वर्षाच्या आसपास बाळाच्या डोक्याचा घेर आणि छातीचा घेर जवळपास सारखा असतो. धाकटीचे दोन्ही टेपने मोजले तर अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक नव्हता. म्हणजे मोठ्यांच्या स्वेटरचा गळा लहान करून चालत नाही, डोकं आत जाणारच नाही. मी डाव्या खांद्यावर उघडणारी पट्टी ठेवली, तीन बटणं, आणि प्रत्येक बटणामागे आतून एक छोटं चपटं बटण, म्हणजे ओढून निघत नाही. बाहीचंही तसंच. एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या अमेरिकेत राहिलेल्या विणकाम डिझायनरने छातीच्या टाक्यांवरून बाकीची मापं टक्क्यांत काढायची एक सुंदर पद्धत दिली आहे. तिच्यात मनगटाला छातीच्या २० टक्के टाके धरतात. ११२ चे झाले २२, म्हणजे १० सेंटीमीटर. धाकटीचं गुबगुबीत मनगटच ११ भरत होतं! बाळांच्या मापांना मी तो आकडा वाढवून ३२ टाके केले. मूठ वळलेला हातसुद्धा त्यातून सहज जातो.

आता सासूबाईंबद्दल, कारण त्यांच्याशिवाय हा नमुना असा झाला नसता. त्यांनी आयुष्यभर विणलं, पण लिहिलेला नमुना कधी हातात घेतला नाही. ‘अगं, मुलाला समोर उभं करायचं, चार बोटं सैल धरायचं, झालं,’ असं त्यांचं माप. सुरुवातीला मी वही घेऊन बसले की त्या शेजारी येऊन गप्पा मारायच्या. विणताना बोलता येतं, मग आता का नाही, असं त्यांना वाटायचं. मी त्यांना वही दाखवली, सगळ्या मापांचे आकडे शेजारी शेजारी. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे हे तू न बघितलेल्या पोरांसाठी करतेयस.’ त्यानंतर पहाटेचा चहा त्या स्वतः करून ठेवायच्या आणि न बोलता जायच्या.

त्यांनी एक बाही विणून देऊ का विचारलं. पण त्यांचा हात घट्ट आहे, त्याच दोऱ्यावर त्याच सुईने त्यांचे १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके येतात. एका स्वेटरात दोन हात दिसले असते. मग मला सुचलं की त्यांनी आख्खा स्वेटरच विणावा, माझ्या मराठीत लिहिलेल्या कागदावरून, मला काहीही न विचारता. सुई ४.५ची दिली, २२ टाके आले.

त्या तीन ठिकाणी थांबल्या आणि तिन्ही ठिकाणं खरोखरच अवघड होती. मुंढ्यापाशी मी लिहिलं होतं, ‘टाके कमी करत तसंच विणत जा.’ त्यांनी पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, ‘तसंच म्हणजे कसं? अर्धं पान उरलं तर ते विणायचं की सुलट करून टाकायचं?’ मला ते हातानेच कळत होतं, म्हणून लिहावंसंच वाटलं नव्हतं. त्या वाक्याची पुढे चार वाक्यं झाली आणि मुंढ्याचा वेगळा तक्ता झाला. इंग्रजी नमुन्यातही तो तसाच गेला. टेक एडिटरकडून, म्हणजे नमुन्यातली गणितं तपासणाऱ्या व्यक्तीकडून, पैसे देऊन नमुना तपासून घेतला. तिने आकडे तपासले, आणि ते तपासायलाच हवेत. पण वाचताना बोट कुठे अडतं ते सासूबाईंनी दाखवलं.

चाचणीसाठी विणणाऱ्या बायका इंटरनेटवर मिळाल्या. त्यांना मी मुदत भरपूर दिली आणि पहिल्याच निरोपात सांगितलं की घरात लहान मुलं आहेत, उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळेल. कुणीही तक्रार केली नाही, बहुतेकींच्या घरी तीच परिस्थिती होती. टाके जुळले तरी ओळी प्रत्येकीच्या वेगळ्या येत होत्या, म्हणून मुंढ्याची उंची ओळींबरोबर सेंटीमीटरमध्येही दिली.

विक्री रॅव्हलरीवर, २००७ पासून चाललेल्या विणकामाच्या संकेतस्थळावर. परदेशातले पैसे पेपालने येतात. पण पेपालने एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले आहेत, त्यामुळे इथल्या बायकांना यूपीआयने पैसे घेऊन मराठी नमुना मीच मेलने पाठवते. रक्कम मोठी नाही. पहिली कमाई टेक एडिटरच्या फीमध्ये गेली. तरीही महिन्याच्या हिशोबाच्या वहीत नवऱ्याने ‘डिझाइन’ असा वेगळा रकाना आखला, आणि त्याचा मला फार आनंद झाला.

सध्या त्याच नमुन्यात सहा वर्षांचं माप वाढवतेय. छाती २५ इंच, म्हणजे सैलपणा धरून १५१ टाके, आणि ८ने भाग जावा म्हणून १५२. या मापाला कुशींना जादा सुलट टाके लागणार नाहीत, असं आत्ता तरी दिसतंय. जूनपासून धाकटी सकाळी दोन तास खेळघरात जाईल, तेव्हा आकड्यांचं काम पहाटेवरून तिकडे हलवणार आहे.