सध्या काय वाचताय?

लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, भाजीवाल्यापाशी, कुठेही भेटले की लोक मला हेच विचारतात. सोसायटीत पुस्तकवेडी म्हणून माझं नाव झालंय. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखादं नवंकोरं नाव हवं असतं, मोबाइलवर लगेच मागवता येईल असं. तुम्हीही विचारलंत म्हणून खरं ते सांगते. सध्या काय वाचायचं ते मी ठरवत नाही, आई ठरवते.

आई ८४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पेपर हातात धरून म्हणाली, "आज छपाई वाकडी आलीय." छपाई सरळच होती. डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. सरळ ओळ मध्येच वाकते आणि जिथे बघावं नेमका तिथेच डाग येतो. कडेचं दिसतं, म्हणून ती घरभर वावरते, चहा करते, गेटमधून कोण आलं तेही सांगते, पण अक्षर लागत नाही. डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिलाय, एकेक डोळा झाकून रोज बघायला. तो फ्रिजवर चिकटवलाय. "आज मधल्या चार चौकटी गेल्या," हे ती दूध आलं नाही म्हणावं अशा सुरात सांगते.

तेव्हापासून रात्री साडेआठ ते साडेनऊ मी मोठ्यानं वाचते आणि ती ऐकते. सुरुवातीला हौसेनं माझ्या आवडीची एक कादंबरी काढली, चांगली गाजलेली. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "हा माणूस बोलत नाही गं, नुसता लिहितो." मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला घेतली तर तीन ओळींच्या वाक्यात माझाच श्वास संपत होता आणि वाक्याच्या शेवटी हाती काहीच येत नव्हतं. डोळ्यांनी वाचताना हे कधी जाणवलंच नव्हतं. पुस्तक ग्रंथालयात परत गेलं.

मग 'स्मृतिचित्रे' घेतलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानं आलं. शाळेत त्यातला धडा असतो, त्यामुळे ते आपण वाचलंय असं निम्म्या महाराष्ट्राला वाटतं. मलाही वाटायचं. मोठ्यानं वाचायला लागल्यावर कळलं की ही बाई समोर बसून सांगतेय. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, १८९५ साली तो ख्रिस्ती झाल्यावरची ताटातूट, सगळं एकाच घरगुती आवाजात. रडण्याची जागा आली की ती हळूच काहीतरी गमतीचं सांगून पुढे जाते. आई हसायची आणि मग थोड्या वेळानं म्हणायची, "पण केवढं सोसलं गं हिनं." हा क्रम महत्त्वाचा. लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो जमतो.

सध्या चालू आहे ते विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास'. हे आईनं मागितलं, कारण गोडसे वरसईचे आणि वरसई म्हणजे पेण तालुका, आईचं माहेर. घरावर कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं ऐकून हा भिक्षुक काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. साल निवडलं १८५७! पुढे झाशीच्या वेढ्यात सापडला. जे पाहिलं ते इतिहासाचे अभ्यासक चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून कित्येक वर्षांनी लिहून काढलं. ते छापून आलं १९०७ साली, तोवर गोडसे हयात नव्हते. वैद्यांनी त्यात बरीच दुरुस्ती केली होती. मुळातला मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. इतिहासाच्या काटेकोरपणाबद्दल जाणकार त्याच्यावर शंका घेतात, घेऊ देत. मला त्यातला माणूस हवा आहे, ज्याला बंडापेक्षा दक्षिणेची आणि सोवळ्याची काळजी जास्त आहे आणि तसं तो लपवतही नाही.

झाशी पडल्यानंतरची कत्तल आली तेव्हा मी एक परिच्छेद गाळला. रात्रीची वेळ, म्हातारं माणूस, म्हटलं कशाला. आवाज न बदलता पुढच्या ओळीवर गेले. आई म्हणाली, "मागे जा. काहीतरी खाल्लंस." कसं कळलं विचारलं तर म्हणाली, "तू श्वास घेतलास." मागे गेले, सगळं वाचलं. एरवी मी कंटाळवाणी वर्णनं आणि याद्या तिरप्या नजरेनं ओलांडून जाणारी. तीस वर्षांत अशी किती पानं मी 'वाचली' असतील कोण जाणे.

काल विहिरीचा प्रसंग झाला. झाशीतून निसटलेली राणी काल्पीच्या वाटेवर, तहानेनं व्याकूळ. गोडसे पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर विद्वान ब्राह्मणानं माझ्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती स्वतःच मडकं विहिरीत सोडते. आपण अर्ध्या शेर तांदळाची धनीण, हा उद्योग करायची खरं तर गरज नव्हती, असं म्हणते. माझा गळा भरून आला होता. आई म्हणाली, "अर्धा शेर एका बाईला भरपूर झाला." मग बराच वेळ काही बोलली नाही.

माझं एकटीचं म्हणून एक चालू आहे, दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. ज्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यात वाचायचा, असं चैत्रात ठरवलं. हे मोठ्यानं वाचून पाहिलं, नाही जमलं. दुर्गाबाईंच्या वाक्यापाशी थांबून खिडकीबाहेर बघावं लागतं, आणि आई म्हणते, "पुढे?" काही पुस्तकं कानासाठी नसतात. त्यात त्यांचा दोष नाही.

आणि बुधवारी बाबूराव अर्नाळकर. हसू नका. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाचा नायक झुंजार आईनं शाळेत भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलाय. भाषा भडक, योगायोग तर विचारूच नका. पण मोठ्यानं वाचताना जीभ कुठे म्हणून अडखळत नाही. गेल्या बुधवारी ऐन रंगात साडेनऊ वाजले. मी पुस्तक मिटलं तर आई शांतपणे म्हणाली, "खूण नको घालूस. झुंजार सुटतो, मला माहितेय. उद्या वरसईकर कुठवर आले तेवढं बघ."