आई दहाची, मी दीडची

स्पेनमधला अल्हाम्ब्रा बघायला जायचं तर आधी तिकीट काढावं, मग विमान. मी आधी विमान काढलं, मग माद्रिदचं हॉटेल, मग ग्रनादाची खोली, मग आईसाठी थर्मल, मग शेंगाचटणीची पाकिटं. तिकीट राहिलं. डोक्यात कुठेतरी शनिवारवाडा होता. जायचं, खिडकीशी उभं राहायचं, काढायचं. त्यात काय!

निघायला बावीस दिवस उरले असताना चुलतभावाचा फोन आला. तो आधी जाऊन आलेला. सहज विचारल्यासारखं म्हणाला, "नासरी महालांची वेळ कितीची मिळाली?" मी म्हटलं, "कसली वेळ?" तो दोन सेकंद गप्प बसला. त्या दोन सेकंदांतच मला घाम फुटला.

तर प्रकार असा, की अल्हाम्ब्रा म्हणजे एक वाडा नव्हे. टेकडीवरचं अख्खं गाव म्हणा. अल्काझाबा हा किल्ला, हेनेरालिफेच्या बागा, आणि मधोमध ग्रनादावर राज्य केलेल्या नासरी सुलतानांचे महाल, ज्यांच्यासाठी जग तिथे लोटतं. साध्या तिकिटावर बाकी सगळं त्या दिवशी कधीही बघा, पण महालात शिरायचं ते तिकिटावर छापलेल्या वेळेलाच. दर वेळेला ठरावीकच माणसं आत सोडतात. वर्षाला २५ लाखांहून जास्त लोक येतात, त्यामुळे त्यांचंही बरोबर आहे. तिकिटावर नाव आणि पासपोर्टचा नंबर असतो. माझं तू घे, तुझं मी घेते, असलं काही चालत नाही.

अधिकृत साइट उघडली. आमचे ग्रनादाचे दोन दिवस, दोन्ही संपलेले. त्याच्या मागचे-पुढचेही संपलेले.

मध्यस्थांकडे होती तिकिटं, गाइडसकट. मूळ तिकीट वीसेक युरोंचं, हे साठच्या वर मागत होते, माणशी. आईला हिशोब सांगितला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भिंती बघायला तिप्पट पैसे? आणि वर तो माणूस इंग्रजीत बोलणार." विषय संपला. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तो तत्त्वाचा प्रश्न वाटला होता. पुढे सलग सहा रात्री पहाटे उठल्यावर तत्त्व जरा पातळ झालं.

पहाटे, कारण चुलतभावाचं म्हणणं असं की लोकांनी रद्द केलेली तिकिटं स्पेनमधल्या मध्यरात्रीच्या सुमारास साइटवर परत दिसतात. तिकडे रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. गजर लावून उठायचं, चादरीत लॅपटॉप घ्यायचा आणि पान ताजं करत बसायचं. पहिल्याच पहाटे लॉटरी लागली. सकाळी अकराची वेळ, दोन तिकिटं! हात थरथरत होते. नावं टाकली, पासपोर्ट नंबर टाकले, कार्ड टाकलं. व्यवहार नाकारला. पुन्हा टाकलं. पुन्हा नाकारला.

कार्ड नवं होतं. जुन्याची मुदत संपली म्हणून बँकेने महिन्यापूर्वी पाठवलेलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड येतं तेव्हा परदेशी व्यवहार बंदच असतात, आपण अ‍ॅपमध्ये जाऊन ते बटण चालू करायचं. नियम चांगलाच आहे, चोरापासून वाचवतो. मला त्या पहाटे तिकिटापासूनही वाचवलं. बटण सापडेपर्यंत अकराची दोन्ही तिकिटं गेली होती. शेजारच्या खोलीतून आईचा आवाज आला, "अगं, झोप आता. नाही दिसला तो वाडा तर नाही दिसला."

चौथ्या पहाटे एकच तिकीट दिसलं, दहाचं. ते आईच्या नावावर घेतलं. कुणा एकीलाच मिळणार असेल तर तिलाच मिळावं, इतपत अक्कल साडेतीन वाजताही होती. सहाव्या पहाटे आणखी एक मिळालं, त्याच दिवसाचं. दुपारी दीडचं. तेही घेतलं आणि गजर कायमचा बंद केला. म्हटलं, तिथे गेल्यावर दारावरच्या माणसाला सांगू, आई आहे, वय अडुसष्ट आहे, सोडतील. आपली सवय.

माद्रिदचे तीन दिवस मजेत गेले, पाय सोडून. तिथून रेल्वेने साडेतीन तासांत ग्रनादा. उतरल्यावर आईच्या पहिल्यांदा नजरेत काय भरलं असेल, तर रस्त्याच्या कडेचे लोखंडी खांब. त्यांच्या डोक्यावर डाळिंब. गटाराच्या झाकणावर डाळिंब, पाट्यांवर डाळिंब. ग्रनादा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंबच, शहराचं चिन्हही तेच. आईचं माहेर सांगोल्याचं. तिने एका खांबावर हात फिरवला आणि म्हणाली, "बरोबर केलंय. मुकुट सुद्धा नीट काढलाय." स्पेनला तिच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी.

त्या रात्रीच्या जेवणाबद्दल एवढंच लिहिते, की ग्रनादात पेयासोबत खायचं फुकट देतात याचं लोक फार कौतुक करतात. आम्ही "मांस नको" म्हणून सांगितलं, त्यावर हसतमुखाने मासा आला. परत सांगितलं तर ऑलिव्ह आले, वाडगाभर. आईने खोलीवर येऊन चटणी-पाव खाल्ला.

सकाळी छोट्या लाल बसने वर गेलो. बसमध्ये मी आईला इतिहास सांगत होते, म्हणजे २ जानेवारी १४९२ ला शेवटच्या सुलतानाने, बोआब्दिलने, ख्रिस्ती राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांना शहर कसं हवाली केलं वगैरे. ती ऐकत होती पण तिचं लक्ष माझ्या हातातल्या दोन कागदांकडे होतं.

महालाच्या दारापुढे रांग होती. आई तिचा पासपोर्ट आणि तिकीट छातीशी धरून, मी माझं. दारावर एक तरुण मुलगी होती. तिने आईचं तिकीट तपासलं, पासपोर्ट बघितला, पुढे जा म्हणून खूण केली. माझं बघितलं आणि मान हलवली. मी माझं भाषण सुरू केलं. आई, वय, भाषा येत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. आईनेही मराठीत भर घातली, "अहो, मुलगी आहे माझी." ती हसली. तिला ते नक्की कळलं असावं. पण मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून म्हणाली, "ऊना ई मेदिया." दीड.

मागे रांग खोळंबली होती. मी म्हटलं, "आई, राहू दे. आपण बाकीचं बघू."

"का राहू दे? सहा दिवस झोपली नाहीस या कागदासाठी." मग मला तिने बाजूला केलं, अक्षरशः दंडाला धरून. "पहिलीतल्या पोरांच्या आया अशाच दारात घोटाळायच्या. मी दार लावून घ्यायचे." आई छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. तिने पदर खोचला, दप्तरासारखी पिशवी खांद्याला अडकवली आणि गेली. निळी सुती साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट. वळून बघितलं नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. तिच्या फोनमध्ये तिकडचं सिम नव्हतं. एकीचं घेतलं की झालं, दोघी बरोबरच तर असणार, असा माझा काटकसरी विचार. तिच्याकडे होती फक्त एक चिठ्ठी, देवनागरीत आणि रोमनमध्ये "पार्ताल" लिहिलेली. महालांतून बाहेर पडणारी वाट पार्तालच्या बागेत निघते. तिथल्या तळ्याकाठी भेटायचं ठरलं होतं.

आधी मी कार्लोस पाचव्याच्या, म्हणजे इसाबेल-फर्नांदोच्या नातवाच्या, राजवाड्यात बसले. बाहेरून चौकोनी ठोकळा आणि आत गेलं की मोठं गोल अंगण. १५२७ ला काम सुरू केलं त्याचं. वास्तुकलेचे लोक फार मानतात त्याला. मला मात्र तो जुन्या वाड्याच्या परसात जावयाने बांधलेल्या आरसीसी बंगल्यासारखा वाटला, पण त्या दिवशी माझी मनःस्थिती काही न्यायनिवाडा करण्यासारखी नव्हती.

पावणेअकराला तळ्याकाठी जाऊन उभी राहिले. पार्तालचं तळं सुंदर आहे म्हणतात. पाच कमानी, मागे मनोरा, सगळं पाण्यात उलटं. माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही. मी वाटेकडे बघत होते. सव्वाअकरा झाले. दहाला आत गेलेले लोक मला चेहऱ्याने पाठ झाले होते, लाल टोपीवाला जर्मन आजोबा, तीन बहिणी असाव्यात अशा बायका, कडेवर झोपलेलं बाळ. सगळे आले. साडेअकरा. मला तिचा गुडघा आठवला, मग बीपीची गोळी, मग ती सकाळी घेतली का नाही ते आठवेना. पावणेबाराला मी तिथल्या रखवालदाराला "निळी साडी" हे हातवाऱ्यांनी सांगत होते. तो माझ्याकडे बघत होता आणि माझ्या मागेही बघत होता. मी वळले.

आई येत होती. हात पाठीमागे बांधून, वर्गावर फेरी मारताना बांधायची तसे.

"अगं कुठे होतीस!"

"आत. कुठे असणार? आत गेल्यावर कुणी बाहेर काढत नाही. मी बघितलं, कुणालाच हटकत नव्हते. मग कशाला घाई करायची?"

आम्ही बाकावर बसलो. तिने पिशवीतून खिशात मावेल एवढी डायरी काढली. आईला मोजायची सवय आहे, छत्तीस वर्षं पट मोजून जडलेली. डायरीत लिहिलं होतं, सिंह १२. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. खांब, आणि पुढे ८७ लिहून खोडलेलं. "एक घोळका मध्ये आला, चुकलं," ती म्हणाली. सिंहांच्या चौकात १२४ खांब आहेत, हे मी वाचलेलं होतं. सांगितल्यावर तिने पेन मागून ते दुरुस्त केलं. लांब हौदाच्या दोन्ही अंगांना मेंदीचं कुंपण, असंही होतं. मेंदी नव्हे ती, मर्टल म्हणतात, पण पान दिसतं तसंच, त्यामुळे मी बोलले नाही.

"आणि भिंतीवर सगळीकडे एकच ओळ लिहिलीय," ती म्हणाली. "वाचता नाही येत, पण आकार कळतो ना. तीच तीच. कमानीवर तीच, खांबावर तीच. कुणाला शंभरदा लिहायची शिक्षा केली होती का?"

तिला अरबी येत नाही. मराठी मुळाक्षरं मात्र तिने हजारभर पोरांच्या हातून गिरवून घेतली आहेत, आणि त्या डोळ्यांनी तिने नासरींचं घोषवाक्य हुडकून काढलं होतं. वला ग़ालिब इल्ला अल्लाह. ईश्वराखेरीज कुणी विजेता नाही. मी अर्थ सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे शिक्षा नाही. लिखित जप." माझी आजी वहीत बारीक अक्षरात रामनाम लिहायची, ओळीखाली ओळ. ती वही अजून आमच्या घरी आहे.

दीडच्या आधी तिने मला गृहपाठ दिला. "दोन बहिणींच्या दालनात मान वर कर, आणि दुखेपर्यंत खाली करू नकोस. आणि सिंहांत एक हसतोय. कोणता ते ओळखून ये."

दारावर तीच मुलगी होती. माझा पासपोर्ट बघून ती म्हणाली, "मामा?" मी बाहेरच्या दिशेने बोट दाखवलं. स्पॅनिशमध्ये मामा म्हणजे आई, हे मला एव्हाना कळलं होतं.

आतलं सगळं मी पाऊण तासात उरकलं. आई बाहेर उन्हात बसलीय, हे डोक्यातून जात नव्हतं. राजदूतांच्या दालनाचं छत आठ हजारांहून जास्त लाकडी तुकड्यांचं आहे, ते मी बहुधा वीस सेकंद पाहिलं. दोन बहिणींच्या दालनात मात्र आईच्या हुकुमाप्रमाणे थांबले. वर मधाच्या पोळ्यासारखं काहीतरी खाली ओघळत येतं, पाच हजारांवर गिलाव्याचे कोनाडे, आणि खिडक्यांतून येणारा उजेड त्यांत अडकून राहतो. खाली मात्र माणसं. सेल्फीच्या काठ्या बंद करायला सांगतात ते बरं. तरी एक बाई माझ्या पायावर उभी राहून नवऱ्याला कोन समजावत होती, आणि मी पाय काढून घेतला नाही, कारण मान वर होती.

सिंहांपाशी गेले. पांढऱ्या संगमरवराचे, पाठीवर कारंज्याचं पात्र घेऊन बाराही एकमेकांकडे पाठ करून वर्तुळात उभे. खरं म्हणजे सिंह कमी आणि इमानी कुत्रे जास्त वाटतात. मी हसणारा शोधू लागले. एका बाजूने गेले, दुसऱ्या बाजूने आले. तीनदा मोजले, एकदा अकराच भरले. मला सगळेच गंभीर दिसत होते. एकाच्या ओठांचा कोपरा जरा वर वाटला, पण ती सावलीही असेल.

बाहेर आले तर आई झाडाखाली. तिथल्या डाळिंबाची फळं मोजून झाली होती तिची.

"ओळखलास?"

"हो," मी म्हटलं. "उजवीकडचा."

आईने डायरी मिटली. "कुठून बघितल्यावर उजवीकडचा?"